मुलीकडची बाजू

मी जन्मानं वर्ध्याचा. पण नोकरीच्या निमित्तानं मी जर्मन होतो, जपानी होतो, काही दिवस अरब होतो, आणि एका उन्हाळ्यात तर सकाळी इटालियन आणि दुपारी कोरियन असा दुहेरी संसारही केला. त्यासाठी मला कुठे जावं लागलं नाही. एमआयडीसीतल्या आमच्या हळदीच्या कारखान्यात, मालकांच्या केबिनबाहेर, एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर बसलं की मी परदेशी व्हायचो. बसवणारे मामाजी.

परदेशातून कोणी हळद बघायला येणार असलं की आदल्या दिवशी मामाजी रंगीत तालीम घ्यायचे. मी कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं सांभाळायचो, कॉलेजात असताना दोन नाटकांत काम केलं होतं, आणि माझी उंची बरी होती. एवढ्या भांडवलावर पाहुण्याची भूमिका कायमची माझ्याकडे आली.

"बस. आता तू जर्मन हायस."

"बरं."

"जर्मन 'बरं' म्हणत नाई. घड्याळ पाह्य."

मी घड्याळ बघायचो.

"असं नाई लेका! हे तं तुही एसटी चुकल्यासारखं झालं. दुसऱ्याची एसटी चुकली अन् ते तुले आधीच माहीत व्हतं, असं पाह्य."

मी तसं बघायचो. मग केबिनमधून मालक बाहेर येत आणि माझ्याशी हस्तांदोलन करत. मालक म्हणजे अडीचशे एकरांवरच्या शेतकऱ्यांची हळद घेणारा, उकळणारा, वाळवणारा, पॉलिश करणारा भारदस्त माणूस. पण मामाजींसमोर शाळकरी पोर. "हात मिळवून राह्यले का हापशी मारून राह्यले?" मामाजी ओरडत. मालक निमूटपणे परत केबिनमध्ये जात आणि पुन्हा नव्यानं बाहेर येत. मी खुर्चीवर जर्मन चेहरा करून त्यांची वाट बघत असे. माझा पगार देणाऱ्या माणसाकडे अशा तुच्छतेनं बघण्याचा हक्क मला मिळाला होता आणि खोटं कशाला सांगू, मी तो भरपूर वापरला.

मामाजींचं खरं शिक्षण हळदीतलं नव्हतं आणि निर्यातीतलं तर नव्हतंच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बाजार समितीत कारकुनी केली आणि रविवारी सोयरिकी जुळवल्या. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, देवळी, कुठेही लग्नाचं बघायचं असलं की मामाजी हवेतच. मालकांचं लग्नही त्यांनीच जमवलं होतं. ते चांगलं निघालं, म्हणून मालकांनी निवृत्तीनंतर त्यांना कारखान्यात आणलं आणि परदेशी पाहुण्यांचं खातं दिलं. सगळे त्यांना मामाजी म्हणत. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. म्हणजे त्या न्यायानं सगळा कारखाना त्यांची सून होता, आणि ते वागवतही तसंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळा आंतरराष्ट्रीय व्यापार समजावून सांगितला होता.

"हे पाह्य बापू. धंदा म्हंजे सोयरीक. फॉरेनची पार्टी म्हंजे मुलाकडचे. आपण मुलीकडचे. हळद म्हंजे पोरगी. बाकी जे पुस्तकात लिवलं हाय ते शहरातल्या लोकांसाठी."

"आणि कंटेनर?"

"वरात."

या एका सूत्रावर ते सगळं चालवत. पाहुण्यांचे बूट ते बारकाईनं बघत, कारण बुटावरून घर कळतं. पाहुणा निघाला की फाटकापर्यंत नव्हे, रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे राहत, मग ऊन कितीही असो. आणि पाहुणा कोणत्याही देशाचा असो, त्याच्यापुढे पोहे येत. तर्रीचा तिखट रस्सा बाजूला, वर शेव. मला आधी तो पाहुणचार वाटला. ती तपासणी होती. "खाते कसा ते पाह्य," मामाजी कानात सांगत. "दाणे बाजूले काढून ठेवले, म्हंजे पुढं चालून भावात कटकट करीन. सगळे खाल्ले अन् प्लेट सरकवली, म्हंजे मन लागलं. नुसता चमचा फिरवत बसला, म्हंजे आधीच दुसरीकडं पाहून आला."

आता तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, जपानी येईपर्यंत.

तीन जपानी गृहस्थ आले होते. इतके सभ्य की आमच्या चौकीदारालाही वाकून नमस्कार करून गेले. हळकुंड हातात घेतलं, वास घेतला, वाळवणाचे ओटे बघितले, पोहे खाल्ले, फाटकाजवळच्या कडुनिंबाचं फार कौतुक केलं, ऑफिस किती स्वच्छ आहे ते सांगितलं आणि तुमच्या प्रस्तावाचा अतिशय आस्थेनं विचार करू म्हणाले. गाडी गेल्यावर मालकांनी पेढे मागवायला माणूस पाठवला. मामाजी वळणावरून परत आले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "पेढे परत करा. नकार हाय."

"काऊन? एवढे खूश होते ते!"

"घराची तारीफ केली, झाडाची केली, चौकीदाराले नमस्कार केला. पोरीबद्दल एक शब्द बोलले का?"

आम्ही सगळे आठवत बसलो. हळदीबद्दल खरंच कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढे महिनाभरानं अत्यंत आदरपूर्वक मेल आला आणि त्यात तेच होतं. त्या दिवसापासून मामाजींचा शब्द म्हणजे कारखान्यात दगडावरची रेघ झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एवढं ज्ञान असलेला माणूस निवांत असायला हवा. पण मामाजींइतका धास्तावलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही. पाहुणे येण्याच्या दिवशी ते सकाळपासून पाणी पीत आणि खिशातली वेलची चघळत. फोन वाजला की आधी छातीला हात लावत, मग फोनला. बोटांनी सफारीचं खालचं बटण फिरवत राहत. ते बटण त्यांची बहीण दर महिन्याला नव्यानं लावून देई. "मुलीकडच्यानं निवांत बसणं शोभत नाई," मामाजी म्हणत. जगातल्या सगळ्या शब्दांत त्यांना एका शब्दाची सगळ्यात जास्त भीती होती. 'कळवतो.' पाहुण्यानं जाताना तो शब्द कुठल्याही भाषेत उच्चारला की मामाजींचा चेहरा उतरायचा. "शिवी परवडली. शिवी दिली म्हंजे माणूस तिथंच हाय. कळवतो म्हणणारा माणूस गेलेला असते."

ताई त्यांची मोठी बहीण. शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. मामाजींची बायको लवकर गेली, मुलगा पुण्यात. त्यामुळे पिपरी मेघे गावातल्या त्या छोट्या घरात हे दोघंच. मी तिथं कागदांवर सह्या घ्यायला जायचो आणि ताईंच्या हातचा चहा प्यायला थांबायचो. ताई बोलायला बिनधास्त. अख्ख्या जिल्ह्याच्या सोयरिकी जमवणाऱ्याच्या घरात बहीण बिनलग्नाची कशी, हे कोणी मामाजींना विचारत नसे. ते ताईंनीच मला सांगितलं, तेही मामाजींच्या समोर, हसत हसत.

"मले पाहाले तळेगावचे आले व्हते. श्यामजी पंताचं तळेगाव. संत्र्याचं पोतं घेऊन आले. बाबा नव्हते, म्हणून घरचा कर्ता हा! मिशी पण नीट फुटली नव्हती. त्यांनी पोहे खाल्ले, अन् मुलाचे वडील तिथंच म्हणाले, आमच्याकडून पसंत हाय. तुम्ही घरी विचार करा अन् सांगा."

"मग?"

"मग काय. यानं विचार केला."

मामाजी तिकडे पेपर उलटा-सुलटा करत होते. "तोंडावर हो म्हणते का कोणी? जागेवर? खोट असल्याशिवाय? मी वाट पाह्यली. त्यांची खरंच मर्जी असती तं दुसऱ्यांदा निरोप आला असता."

"नाई आला," ताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात त्या मुलाचं लग्न झालं. संत्री मात्र गोड व्हती हो."

"खोटच असन," मामाजी पेपरातून म्हणाले. "मी सांगून ठेवतो, काहीतरी खोटच असन."

त्यांनी ते इतक्या वेळा सांगून ठेवलं होतं की त्या घरात त्या वाक्यासाठी जणू वेगळा कोनाडा होता.

आता डच बाई.

ती आली तेव्हा कारखान्याची हालत बिकट होती. जुने दोन ग्राहक तुटले होते. त्या वर्षीची हळद उकळून, वाळून, पॉलिश होऊन गोदामात छतापर्यंत लागली होती, आणि मालकांनी मला दार लावून सांगितलं होतं की हा सौदा झाला नाही तर शेड सिमेंटवाल्याला भाड्यानं देईन. शेड गेली की निवडणीच्या बायका गेल्या, मी गेलो, मामाजी गेले. बायकांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. सुपं नेहमीपेक्षा हळू हलत होती, काम पुरवायचं म्हणून.

मामाजींनी त्या वेळी मला आठवडाभर डच केलं. डच कसे असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं, त्यामुळे मी उरलेले सगळे देश एकत्र करून करायचो आणि मामाजी "नाई, जास्त होऊन राह्यलं" एवढंच म्हणायचे.

खरी बाई कोणत्याच तालमीत बसली नाही. उंच, उन्हानं लाल झालेली, पायात धुळीचे साधे बूट. फाटकातून आली आणि हार घ्यायच्या आधी विचारलं, संडास कुठे आहे. मग सगळा कारखाना फिरली. वाळवणाच्या ओट्यांवर उभी राहून म्हणाली, हे चांगलं आहे. पॅकिंगच्या खोलीत उभी राहून म्हणाली, हे चांगलं नाही, भिंतीचे पोपडे मालात पडतील. तोंडावर! मालकांचा चेहरा पांढरा झाला. मामाजींनी माझा दंड धरला. "पोरीले तिच्या बापासमोर काळी म्हणाली, बापू."

मग पोहे. बाईनं सगळे खाल्ले. दाण्यांसकट. आणि कोणी आग्रह करायच्या आत स्वतः उठली, भांड्यातून स्वतःच्या हातानं आणखी वाढून घेतले आणि तेही खाल्ले. मामाजींच्या साऱ्या हयातीत असं झालं नव्हतं. या लक्षणाचा अर्थच त्यांच्याकडे नव्हता. त्यांची बोटं बटणावर गरगर फिरायला लागली.

शेवटी ती रुमालानं हात पुसून इंग्रजीत बोलली. मी मराठीत सांगतो. "मला तुमची हळद हवी आहे. यंदाची सगळी. पॅकिंगची खोली तुम्ही नीट कराल या अटीवर. माझ्याकडून हो आहे. तुम्ही विचार करा आणि मला सांगा."

मालकांचं तोंड उघडलं. कोणी काहीही विचारलं की मालक "होऊन जाईन" म्हणत. तो त्यांचा श्वासच होता. ते शब्द ओठांवर आलेच होते, तेवढ्यात टेबलाखाली मामाजींचा बूट त्यांच्या पायावर पडला. मालकांनी तोंड मिटलं. बाईनं एकदा सगळ्यांकडे बघितलं, "ठीक आहे" म्हणाली आणि गेली.

मामाजी वळणापर्यंत जाऊन आले ते धापा टाकतच. "जागेवर हो! पाह्यलं का तुमी? जागेवर! काहीतरी खोट हाय."

"पण मामाजी, तिनं साफ सांगतलं," मालक म्हणाले.

"तेच तं! साफ कोण सांगते? जपान्यांच्या वक्ती ऐकलं नं माझं? आता गप्प बसायचं. आपण मुलीकडचे. खरी मर्जी असन तं दुसऱ्यांदा निरोप येईन."

मी तेव्हाही म्हणालो, की मामाजी, ती म्हणाली तुम्ही सांगा. एक मेल टाकू का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू पोरीचा मामा हायस का?" मी नव्हतो. मेल टाकला नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. सोयरिकीच्या रीतीप्रमाणे मामाजींनी दरम्यान मुलाकडची चौकशी आरंभली, म्हणजे मला कॉम्प्युटरसमोर बसवून त्या देशाची माहिती वाचायला लावली. तिकडची बरीच जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे हे कळल्यावर ते उभेच राहिले. "समुद्राच्या खाली राह्यतात? अशा घरी कोणी पोरगी देते का?"

पण हसणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. मालक सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आला का?" आणि मी मान हलवायचो. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. नुसते दारात उभे राहून माझ्याकडे बघायचे. कूलरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून मामाजींनी कूलर बंद करायला लावला, आणि मार्चच्या त्या उन्हात आम्ही सगळे घामानं निथळत एका न वाजणाऱ्या फोनभोवती बसून राहायचो. निवडणीतली एक बाई पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन म्हणायची, "ते उंच बाई येतेच ना जी परत?" मामाजी म्हणायचे, "येईन." ती गेल्यावर वेलची तोंडात टाकायचे आणि चघळायचं विसरायचे. एकदा मी त्यांना निळ्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं, पाहुण्याच्या जागी, एकटेच, केबिनच्या दाराकडे बघत. बहुधा तिच्या बाजूनं कसं दिसतं ते बघत असावेत. मला पाहिल्यावर उठले आणि खुर्ची पुसल्यासारखी केली.

निरोप आला तो एका बुधवारी सकाळी. मेल चार ओळींचा होता. तुमच्याकडून काहीच उत्तर आलं नाही, म्हणजे तुमचं उत्तर नाही असं मी समजते. वाईट वाटलं, पण हरकत नाही. शुक्रवारी आम्ही दुसऱ्या पुरवठादाराशी करार करत आहोत. पोह्यांबद्दल आभार.

मी तो मोठ्यानं वाचला. मालकांनी पुन्हा वाचायला लावला. मामाजींनी चष्मा काढला, खिशात ठेवला, जेवणाचा डबा न उघडताच पिशवीत घातला आणि म्हणाले, "झालं. त्यांचं दुसरीकडं जमलं. आता आपण फोन करणं शोभत नाई." आणि चालत निघून गेले. त्या दिवशी वळणावर हात जोडायला कोणी नव्हतं.

मालकांनी टेबलाचा खण उघडला. मग माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली. "जा त्याहिच्या मागं. बाईचा नंबर घेऊन जा. त्याहिच्याशिवाय मले फोन जमणार नाई. माझं लग्न बी त्याहिनंच बोललं व्हतं."

पिपरी मेघेच्या घरी ताई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मामाजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी ताईंना सगळं सांगितलं. डच बाई, पोहे, जागेवरचा होकार, टेबलाखालचा बूट, मेल. ताई ऐकत होत्या आणि चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला, असं चाललं होतं. मी संपवलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"काय म्हणाली ती? पुन्हा सांग."

"माझ्याकडून हो आहे. तुम्ही विचार करा आणि मला सांगा."

ताई उठल्या. पदराला हात पुसले आणि पलंगाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"उठ. फोन कर तिले."

"शोभत नाई ताई."

"कोणाले शोभत नाई? गोदामात माल सडून राह्यला, त्या बाया घरी बसतील, अन् तुले शोभा पडली. उठ."

"ती खरं म्हणत नव्हती. जागेवर हो म्हणणाऱ्याच्या मनात..."

"मले माहीत हाय तू काऊन भेऊन राह्यला ते," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसा होता. "ती बाई खरंच हो म्हणत होती असं निघालं, तं तळेगावचेही खरंच म्हणत होते असं निघंन. हेच नं?"

मामाजी उठून बसले. मी पायऱ्यांकडे बघत होतो. असल्या वेळी बाहेरच्या माणसानं कुठे बघायचं याची तालीम कोणी घेतलेली नसते.

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी नंबर लावून फोन दिला आणि स्पीकर चालू केला. तिकडे सकाळ होती. रिंग वाजत राहिली. मामाजींचा दुसरा हात बटणाकडे गेला, आणि ते बटण तुटून फरशीवर पडलं.

"हॅलो?"

मामाजींनी घसा साफ केला. आणि आयुष्यभर जे कधी बोलले नव्हते ते इंग्रजी बोलले. "मॅडम, गर्ल साइड स्पीकिंग."

मी घाईघाईनं कंपनीचं नाव सांगितलं. बाई म्हणाली, "अच्छा. तुमचं उत्तर हो आहे का नाही?"

"यस मॅडम. फर्स्ट डे ओन्ली, यस."

"मग सांगितलं का नाही?"

मामाजींनी फोनवर हात ठेवला आणि ताईंकडे बघितलं. मदत मागितल्यासारखं. ताईंनी काही मदत केली नाही. मामाजींनी हात काढला.

"मॅडम," ते म्हणाले, "आय वॉज अफ्रेड."

मला शपथेवर सांगू द्या, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण सोयरिकीची भाषा न वापरता बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं. पलीकडून बाई म्हणाली की निम्म्या मालाचा शब्द तिनं दुसरीकडे दिलेला आहे आणि तो ती मोडणार नाही. उरलेला निम्मा ती आमच्याकडून घेईल. पॅकिंगच्या खोलीचे फोटो महिन्याच्या आत. आणि पुढच्या वेळी, म्हणाली, पहिल्या दिवशीच सांगा. मामाजी प्रत्येक वाक्याला उभ्यानं मान डोलावत होते, जणू ती समोरच होती.

निम्मा तर निम्मा. शेड वाचली, निवडणीच्या बायकांची सुपं पुन्हा नेहमीच्या वेगानं हलायला लागली, आणि उरलेल्या मालासाठी पुढे काय धावपळ करावी लागली ते वेगळं. पण ते त्या दुपारी कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी मी मालकांना फोन करून सांगितलं आणि पलीकडून मालकांचा "होऊन जाईन, होऊन जाईन" असा रडवेला आवाज आला.

फोन ठेवला तेव्हा मामाजी पलंगाच्या कडेवर बसले होते. फरशीवरचं बटण उचलून हातात घेतलं होतं. ताईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, कोनाड्यातल्या सुईदोऱ्याच्या डबीत टाकलं आणि चहा टाकायला आत वळल्या.

"ताई," मामाजी म्हणाले.

"हं."

"तुले... तो तळेगावचा." ते अडकले. जिल्ह्यातल्या निम्म्या मुलींची मर्जी ज्यांनी पोह्यांच्या प्लेटवरून ओळखली, ते शब्द शोधत होते. "तुले पसंत होता का तो? मी तेव्हा तुले विचारलंच नाई."

ताई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मागं वळून पाहिलं नाही, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही. आणि मला तो बघायची किती उत्सुकता होती हे तुम्ही समजू शकता. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. मग ताईंचा.

"कळवते," त्या म्हणाल्या.